पेनी डावीकडे का वळत नाही

रविवार, १४ एप्रिल

हरलो. अठ्ठेचाळीस गुणांनी! पेलिकन हे नाव काढून कोंबड्या ठेवा म्हणावं आमच्या फुटबॉल क्लबला.

येताना गाडीत नेनूचं एकच पालुपद – पेनी, पेनी, पेनी. "त्या एक्केचाळीस नंबरला खेळवतात कशाला? कुणाचा जावई आहे का तो?" मी म्हटलं, "अरे, पण उडी बघितलीस? तिघांच्या डोक्यावरून चेंडू काढला पोराने!" – "उड्या मारायला कांगारू आहेत की देशात!" माझा भाऊ चौसष्टचा झाला, पण मैदानावर गेला की चौदाचा होतो. बायको गेल्यापासून माझ्याकडेच राहतो. म्हणजे आता मोसम संपेपर्यंत, सप्टेंबरपर्यंत, जेवणाच्या टेबलावर हाच विषय.

स्टँडमध्ये आमच्या पुढच्या रांगेतल्या हॉचकिनबाई (वय ब्याऐंशी, आवाज बावीसचा) पेनीच्या बाजूच्या. त्यांचं कारण वेगळं. "मांड्या बघ गं त्याच्या, जोसी!"

पण एक खरं. डावीकडून कुणी आलं की पेनी हमखास सापडतो. आमच्या इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊनही पळतात, आणि याच्या हातातून तो सुटतो. डावीकडे अख्खं मैदान मोकळं असलं तरी हा आपला उजवीकडेच वळणार. नेनूचं निदान तयार – "भित्रा आहे. अंग चोरतो."

सोमवार, १५ एप्रिल

पेनीची रवानगी राखीव संघात. त्या आनंदात नेनूने चीज भरलेल्या डझनभर खुसखुशीत पास्टिझी आणल्या. मी निषेध म्हणून खाल्ल्या नाहीत. (दोन खाल्ल्या.)

शनिवार, ४ मे

राखीव संघाची मॅच बघायला गेलो. "फुकट वेळ घालवायचा," असं म्हणत नेनू माझ्याआधी गाडीत जाऊन बसला होता.

दोनशे माणसं असतील जेमतेम, आणि खाडीवरचा वारा असा की कान गळून पडावेत. पण वाद इथेही तोच! शेजारचा दाढीवाला म्हणाला, "उजव्या पायाची किक म्हणजे लोणी आहे लोणी." नेनू लगेच, "पायाचं काय करायचंय? काळीज कुठाय?"

आणि मग ते झालं. चेंडू उंच गेला. पेनी त्याच्याकडे बघत पाठमोरा धावतोय आणि समोरून दोन धिप्पाड गडी सुसाट येतायत. कुणीही शहाणा माणूस थांबला असता. हा थांबला नाही. उडाला, झेल घेतला, तिघंही चिखलात! उठला तो हसतच.

"हा भित्रा?" मी विचारलं.

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं!"

एक लक्षात आलं. उभा राहिला की तो चेहरा जरा डावीकडे वळवून उभा राहतो. नेहमीच. ही मान मी कुठेतरी बघितली आहे. रोज बघते असं वाटतंय.

मंगळवार, ७ मे

सापडलं!!

दुकानात एक निवृत्त पोस्टमन आले होते, चष्म्याची फ्रेम बसवायला. डावा डोळा अधू. समोर बसले आणि चेहरा हळूच डावीकडे वळला – चांगला उजवा डोळा मध्ये यावा म्हणून. सव्वीस वर्षं चष्मे बसवतेय मी. "मान सरळ ठेवा" हे वाक्य हजारदा म्हटलं असेल. आज म्हणता म्हणता पेनीची मान आठवली.

पेनीला डावीकडचं दिसत नाही. भित्रा नाही – दिसत नाही!

नेनूला सांगायचं नाही. दर आठवड्याला रेडिओवर नाव बदलून फोन करणारा माणूस तो. त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या मेलबर्नला कळेल.

गुरुवार, १६ मे

आज सराव सगळ्यांना खुला होता. दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन गेले. खेळाडू कठड्याशी येऊन सह्या देत होते. मी मुद्दाम पेनीच्या डाव्या अंगाला उभी राहिले आणि पास्टिझीची पिशवी त्याच्या हाताजवळ धरली. "घे रे, गरम आहेत." नाही दिसली! आवाजाकडे अख्खी मान वळवली तेव्हा दिसली.

मी हळूच विचारलं, "डाव्या डोळ्याने किती दिसतं तुला?"

सही अर्ध्यात थांबली. "कोण तुम्ही?"

"चष्मेवाली."

तेवीस वर्षांचा पोरगा, गव्हाच्या गावातून आलेला, चेहरा क्षणात पांढराफटक. "मावशी, हळू बोला. यंदा करार संपतोय माझा."

"अरे, पण क्लबची तपासणी होते ना?"

"उजव्या डोळ्याने अक्षरं आधी पाठ करून ठेवतो," – आणि हे सांगताना गधडा हसला!

म्हटलं, सोमवारी दुकान बंद झाल्यावर ये. नाही आलास तर मी क्लबात येईन.

सोमवार, २० मे

आला. टोपी कपाळापर्यंत ओढून, चोरासारखा.

आमच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या हुयने तासभर तपासलं. बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलाय. उजवा डोळा ठणठणीत. डाव्याला माणूस दिसतो तो धुक्यातून आल्यासारखा. साध्या चष्म्याने भागणार नाही, खास लेन्स लागेल – मध्ये कडक, कडेला मऊ. हुयने बजावलं, "क्लबच्या डॉक्टरांना सांगायचं, नाहीतर लेन्स मिळणार नाही." पेनीने टोपी चुरगाळत मान डोलावली.

आता तो आमचा पेशंट. म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप. अरे देवा! नेनू शेजारी बसून "भित्रा" ओरडणार आणि मी चिप्स खात बसायचं.

शुक्रवार, ३१ मे

लेन्स बसवली. पेनी खिडकीपाशी गेला आणि त्याने उजवा डोळा झाकून समोरच्या खाटकाची पाटी वाचली. पोर्क, चॉप्स, सॉसेज, सगळे भाव मोठ्याने. मग परत पहिल्यापासून. हुयसुद्धा हसला – हुय! क्लबच्या डॉक्टरांना पेनीने तपासणीच्याच आठवड्यात सांगितलं होतं. ओरडा खाल्ला, पण क्लबने काढलं नाही.

शनिवार, ८ जून

जिंकलो!!! पेनी डावीकडे वळला!!!

एकदा नाही, पाच वेळा. तीन गोल, मुख्य संघात परतल्याच्या पहिल्याच दिवशी. पहिल्यांदा वळला तेव्हा नेनूच्या हातातली बिअर हातातच राहिली. "हे काय... हे कधी शिकला?" हॉचकिनबाई मागे वळून म्हणाल्या, "मी सांगत होते ना!" – बाई, तुम्ही मांड्यांबद्दल सांगत होतात.

माझे ओठ चावून चावून सुजलेत.

रविवार, २३ जून

काहीतरी बिनसलंय.

चेंडू उंच गेला, पेनी मागे धावतोय – आणि शेवटच्या पावलाला थांबला. हात वर गेलेच नाहीत. चेंडू समोर पडला. असं दोनदा झालं. अख्खं स्टँड ओरडायला लागलं. नेनू उभा राहिला. "मी काय म्हणत होतो? भित्रा!"

डावीकडे मात्र लोण्यासारखा वळतोय.

मंगळवार, २५ जून

पेनी दुकानात आला. लेन्स टोचते म्हणाला. हुयने बघितलं, लेन्स उत्तम. हुय आत गेल्यावर पेनी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला.

"मावशी, पूर्वी मला फक्त चेंडू दिसायचा. डाव्या अंगाचं सगळं धुकं, कोण किती जवळ आलंय ते कळायचं नाही. आता कोपरं दिसतात. गुडघे दिसतात. समोरच्याचे दात दिसतात."

"मग?"

"मग काय! भीती वाटते."

मोसमभर ज्या उडीसाठी मी नेनूशी भांडले, ती उडी मीच घालवली.

"काढून खेळू का लेन्स?" त्याने विचारलं. एक क्षण – खरंच लिहिते – एक क्षण वाटलं, हो म्हणावं. क्लबसाठी. मग म्हटलं, "मान मोडून घ्यायचीय का?" तो गेला. मी फ्रेमांवरची धूळ पुसत बसले. धूळ नव्हतीच.

बुधवार, २६ जून

झोप नाही.

शनिवार, १३ जुलै

आज माझा तोल गेला.

पेनी परत थांबला, आणि नेनू दोन्ही हातांचा भोंगा करून "भित्रा! भित्रा!" मी उठून त्याचे हात खाली ओढले.

"घाबरलाय तो! मग काय झालं? तू नव्हतास घाबरलास? गोदीत शिडीवरून पडलास, त्यानंतर सहा महिने पायरी चढताना कठडा धरायचास. तुला कुणी भोंगा करून ओरडलं होतं का?"

हॉचकिनबाईंनी चिप्सचा पुडा मागे सरकवला. नेनूने एक घेतली, खाल्ली नाही.

घरी पोचलो. फाटकाशी नेनू मला म्हणाला, "सहा महिने नाही, जोसी. अजून शिडी चढत नाही मी."

घरातले दिवे नऊ वर्षं मीच बदलतेय. हात दुखतात म्हणायचा. मला कळलंच नव्हतं!

शनिवार, १७ ऑगस्ट

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

शेवटची चार मिनिटं. दोन गुणांनी मागे. चेंडू वर, अगदी वर, आणि पेनी पाठमोरा धावत मागे. समोरून तिघं. त्याने मान वळवून बघितलं – मी नीट पाहिलं, एकेकाकडे बघितलं त्याने! – आणि परत चेंडूकडे डोळे केले. नेनूने माझं मनगट घट्ट धरलं. कुणी ओरडलं नाही. साठ हजार माणसं, आणि कुणी ओरडलं नाही.

गेला. दोन्ही हात वर. झेल घेतला आणि मग त्या तिघांनी त्याला कागदासारखं दुमडलं. उठायला किती वेळ लागला! चेंडू सोडला नव्हता. झेलाबद्दल मिळालेली मोकळी किक बरगडी धरून मारली – मधोमध. गोल.

जिंकलो. सगळे नाचत होते. नेनू बसूनच होता, टोपी मांडीवर. "बघून गेला गं," एवढंच म्हणाला. "बघून गेला."

बुधवार, २१ ऑगस्ट

पेनी आला होता. दोन बरगड्या मोडल्यात, यंदाचा खेळ संपला. क्लबने दोन वर्षांचा नवा करार पुढे केला. पेनीने नाही म्हणून सांगितलं. "एकदा बघायचं होतं मावशी, जमतं का. जमलं. रोज नको." शुक्रवारी गावी जातोय, कायमचा. तोवर कुणाला सांगू नका म्हणाला.

स्वयंपाकघरात नेनू पुढच्या वर्षीचा संघ लिहीत बसलाय. पहिलं नाव पेनीचंच आहे.