जमणी बाजूचा पाइप

रविवार, ४ फेब्रुवारी २०१८, मसोली

ट्रकच्या पॉवर स्टीअरिंगचं ऑइल गळतंय. उद्या सायवनला गवत भरायला जायचंय, म्हणून पाइप आजच बदलायला घेतला. पण पाइप दोन, एक डावीकडे खाली, एक उजवीकडे वर. त्यातला गळका कुठला? तलासरीच्या मिस्त्रीला फोन लावला. तो गुजरातीत म्हणाला, "भाई, जमणी बाजूनो बदली नाख." मी ऐकलं, जमिनीच्या बाजूचा! खालचा बदलला, ऑइल भरलं, गाडी चालू करून खाली पुठ्ठा सरकवला. चहा पिऊन येतो तर पुठ्ठा ओला.

मिस्त्रीला यथेच्छ शिव्या घातल्या. सुमन हसायलाच लागली. तिचं माहेर उंबरगावचं, गुजराती घरचीच. "अहो, जमणी म्हणजे उजवी. आमच्यात जमवुं म्हणजे जेवणं, म्हणून जेवायच्या हाताची ती जमणी!" लग्न करून घाटावरून इकडे आलो त्याला दोन वर्षं झाली, एवढंही कळू नये मला?

मग उजवीकडचा बदलला. पुठ्ठा कोरडा. तीनदा वाकून पाहिला, कोरडाच. स्टीअरिंग एका बोटानं फिरतंय. बरं वाटलं.

आत्ता जेवताना सुमन माझ्या हाताकडे बघून पुन्हा हसली. मी डावखुरा, जेवतोही डाव्यानंच. म्हणजे जमणी म्हणजे जेवायच्या हाताची, एवढं कळलं असतं तरी मी डावीकडचा, चुकीचाच पाइप काढला असता!