कापसावरचा बुडबुडा

मुक्काम उमरावती
पौष वद्य चतुर्थी, शके १७८६

तीर्थरूप गोदाबाईस,

धाकट्या भगवंताचा दंडवत. पत्र पंजाबराव भाऊजीच वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही रामराम. बाळाच्या अंगावरचे देवीचे फोड सुकायला लागले का? डोळे उघडतो का? अकोल्याकडून गाडी आली की तुझी भावजय रुख्मिणी दारात जाते आणि विचारायला भिते. गाडीवानाजवळ दोन शब्द तरी पाठवा.

इकडे जिकडे पाहावं तिकडे कापूस. अमेरिकेत लढाई चालू आहे, तिथला माल विलायतेला जात नाही, म्हणून मुंबईचे दलाल आमच्या ओट्यावर येऊन बसतात. कोठ्यात सुटा कापूस वाशांपर्यंत रचला आहे.

जमुना बरी आहे.

देवीपासून लांब राहावी म्हणून तू लेक माझ्याकडे दिलीस. आली तेव्हा ती दिवसभर दारातच बसायची, कुणाशी बोलायची नाही. मग रुख्मिणीने डोकं धुवायला रिठे भिजवले होते, त्यातलं वाटीभर पाणी मी घेतलं, पपईच्या पानाचा पोकळ देठ कापला आणि बुडबुडा काढून दाखवला. तशी हसली.

“मामा, याच्यात काय हाय?”

“तुया श्वास. बाहेर थंडी हाय, तुया श्वास ऊन हाय, म्हणून तो वर जाते.”

तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. देठ चेपला तरी बुडबुडा गोलच काहून येते? कोरडं बोट लावलं की फुटते, ओलं लावलं की नाही, असं कसं? चार वर्षांची पोर, पण स्वतः करून पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. एके सकाळी एक बुडबुडा कोठ्याच्या दाराशी सांडलेल्या कापसावर उतरला आणि तसाच बसून राहिला. “मामा, कापसावर फुटत नाई!” मलाही ते ठाऊक नव्हतं. मी खाली बसून पाहिलं. कापसाचे बारीक तंतू त्याला वरच्यावर धरतात, असं तिला सांगितलं. तिला शाबासकी दिली.

भाऊजी, इथून पुढचं आधी मनात वाचा.

त्याच दिवशी दुपारी दलाल आला. मी अंगणात कापूस तोलायच्या काट्यापाशी होतो. जमुना वाटी घेऊन कोठ्यात गेली, एकटी. कापसाच्या गंजीवर चढली असावी. गंजी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ती घसरली आणि वरचा कापूस तिच्यावर आला. कापसात आवाज मरतो हो. ती कुठेच दिसेना तेव्हा आम्ही नाव घेऊन ओरडत होतो आणि आतून काही येत नव्हतं.

हमाल गंजीवर चढायला निघाले. रुख्मिणी दारात आडवी झाली. “कोनी वर पाय ठेवू नका. पोरगी खालतं असन.” तिला भिंतीलगत ओला झालेला कापूस दिसला, रिठ्याचं पाणी सांडलेला. तिथेच आम्ही हातांनी उपसायला लागलो. उपसावा तेवढा वरून घसरत होता. शेवटी माझ्या हाताला तिचा पाय लागला. पाय गार होता.

ओठ निळे पडले होते. रुख्मिणीने तिला हातावर पालथं घेतलं, तोंडात बोट घालून कापसाचा बोळा काढला आणि पाठीवर थापट्या मारत राहिली. मी नुसता उभा होतो. मग पोर खोकली.

पुढे ताप चढला, छाती घरघरायला लागली. वैद्यबुवा रोज येऊन गेले. ताप काल उतरला, आज तिने भाकर दुधात कुस्करून खाल्ली. पण रजई अंगावर घेत नाही. कापूस आहे म्हणते. थंडीत तशीच निजते, रुख्मिणी तिला पोटाशी धरून बसते. मी तिच्या नाकापाशी हात धरून पाहतो, आणि हाताला श्वास लागला तरी माझा विश्वास बसत नाही.

एक गोष्ट रुख्मिणीलाही सांगितली नाही. त्या दुपारी जमुनाने कोठ्यातून हाक मारली होती. “मामा” म्हणून, एकदाच. मी ऐकली. दलाल भाव चढवत होता. “थांब, आलो” म्हटलं आणि काटा धरून उभा राहिलो. दुसरी हाक आली नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

भाऊजी, आता हे सगळं बाईला वाचून दाखवा. बाळाचं दुखणं आहे म्हणून लपवू नका.

बाई, पोर “मायपाशी जातो” म्हणून राहिली. तिकडे पाठवावी तर देवी आहे, इथे ठेवावी तर मी आहे. दोहींची भीती वाटते. कोठा रिकामा करून कुलूप घातलं आहे, पण त्याने काय होते? निरोप येताच निघता यावं म्हणून गाडीचे बैल दारात बांधून ठेवले आहेत. तू म्हणशील तसं करीन.

शिव्या दे, पण उत्तर दे.

तुझा भाऊ म्हणवण्याची हिंमत नसलेला,
भगवंत