ठिगळ लावण्याआधीची वाटणी

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, वय एकसष्ट, हा कागद शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा तेवढा एकच अवयव ठिकाणावर आहे, असं लेक म्हणते. बसून लिही म्हणून सगळ्यांनी बजावलं आहे, पण मला बसवत नाही. दोन ओळी झाल्या की दुकानात फेरी मारते, धाप लागते, परत येते. अक्षर वरखाली गेलं तर त्यावरून कोणी शंका काढू नये.

कारण नोंदवते. तेरा वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर झाला. केमोच्या लाल औषधाने तो गेला, पण जाता जाता हृदयाचा स्नायू दुबळा करून गेला. हे कळलं गेल्या वर्षी. येत्या सोमवारी एका नव्या उपचाराच्या चाचणीत माझ्या हृदयाला ठिगळ लावणार आहेत. माझ्याच रक्तातून मूलपेशी बनवल्या, त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवल्या, त्यांचं हे ठिगळ. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशी बशीत आपल्या आपण धडधडत होत्या. मी म्हटलं, "टाके पडताहेत, पण सारखे नाहीत." बाई हसल्या नाहीत. "तीच तर आमची काळजी आहे," म्हणाल्या. नव्या पेशींनी स्वतःचाच ठेका धरला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ही लिखापढी.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या लेकीला. जिन्याच्या चौथ्या पायरीबद्दल ती मला सांगून सांगून थकली. आता स्वतःच दुरुस्त करावी.

२. हत्यारं समोरच्या मेकॅनिकला. छोटा पेचकस सोडून. तो नऊ वर्षांपूर्वी "उद्या देतो" म्हणून त्याने नेलाच आहे. आता आणून द्यायची तसदी घेऊ नये.

३. चिंध्यांची पेटी लेकीने टाकू नये. मशीन गिऱ्हाइकाला देण्याआधी मी चिंधीवर एक शिवण मारते आणि तारीख घालून ती ठेवते. शिवण सरळ आल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर गेलेलं नाही. ऑपरेशननंतरची ईसीजीची पहिली पट्टी त्याच पेटीत ठेवावी, वेडीवाकडी आली तरी.

४. उरलेल्या पेशी प्रयोगशाळेने ठेवून घ्याव्यात. माझ्यासारखी आणखी कोणी धापा टाकत येईल, तिच्यासाठी त्यांवर शिकून घ्यावं.

५. धाकट्या बहिणीला काहीही देत नाही.

तिसऱ्या डोसनंतर मी "आता बास" म्हटलं होतं. हिने हाताला धरून सहाच्या सहा पुरे करून घेतले. प्रत्येक वेळी शेजारी बसली, ओकारीचं भांडं धरलं. गेल्या वर्षी हृदयाचा रिपोर्ट हातात घेऊन मी तिला तोंडावर म्हणाले, "तू मला वाचवलं नाहीस, फक्त मरण पुढे ढकललंस." ती म्हणाली, "ताई, बारा वर्षं ढकललं ना?" आणि उठून गेली. तेव्हापासून बोलणं बंद. चूक माझी आहे. चौदा महिने ती चूक मला आत कुरतडते आहे, आणि सोमवार चार दिवसांवर आला.

तिला काही न देण्यामागे राग नाही. वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदाराला मात्र समोर यावं लागतं, माझी सही होताना बघावं लागतं. मला तीच साक्षीदार हवी आहे. वकिलांकरवी निरोप धाडला आहे, आज चार वाजताचा. येईल की नाही, माहीत नाही.

स्थळ: दुकानातलं कामाचं टेबल
दिनांक: २१, गुरुवार

साक्षीदार १: वकिलांच्या कारकून बाई (सही)
साक्षीदार २: धाकटी बहीण (सही)

सह्यांआधी, दोघींसमोर लिहिलेली टीप: धाकटी साडेतीनलाच आली. सगळं वाचलं, पाचवं कलम दोनदा. "सोमवारी भांडं मीच धरणार," म्हणाली. मग खुर्ची ओढून म्हणाली, "ताई, आता बस बरं खाली."

बसून सही केली आहे.