सोन्याच्या वर्खाचं काम

अल सुलै, रियाध

अमिरुन्निसा, तुला सलाम, पोरांना दुवा. मी मजेत आहे.

कारखान्यात भिंतीवरचे जुने इंग्रजी ब्रॅकेट आलेत. एवढी पानं-फुलं कोरलीत आणि वर ठेवायचं काय, तर एक फुलदाणी! त्यांना सोन्याचा वर्ख लावतोय. वर्ख श्वासानेही उडतो, म्हणून आधी पंखा बंद करावा लागतो.

आता सौदी माणसंच कामाला ठेवायची, असा सरकारी हुकूम आहे. म्हणून कफिलाने, म्हणजे आमच्या मालकाने, मला नासिर नावाच्या सौदीला हे काम शिकवायला सांगितलं. माणूस भला, हात हलका. मला उस्ताद म्हणतो. हल्ली वर्ख तो लावतो, पंखा मी बंद करतो.

सादियाचा खोकला गेला का?

पडवीतल्या माझ्या सुतारकामाच्या बाकावर तू जळाऊ लाकडं रचली असशील. ती हलवून ठेव. घाई नाही.

तुझा,
हुसेनमियाँ