गूळपाण्याला शून्य

४ जानेवारी १९८३
गंगापूरच्या शाळेत बारा मुलांची बुद्धी तपासून आले. येताना जीपमध्ये चौदा माणसं आणि एक बोकड! सगीरा नावाची आठ वर्षांची पोर फार बोलकी, सारखी माझ्या पदराशी खेळत होती. ठरलेल्या उत्तरांची किल्ली लावून गुण टाकले, सह्या केल्या, अहवाल शाळेला धाडला. नेहमीचंच काम.

संस्थेत सत्काराची धांदल. ही चाचणी ज्यांची, त्या सरांची पासष्टी! मला म्हणाले, "तू दोन शब्द बोल. सगळ्यांत जुनी तूच." बोलेन की! आठ वर्षं याचसाठी टपून बसलेय.

९ जानेवारी
गौरवग्रंथातलं सरांचं चरित्र माझ्याच गळ्यात पडलं. वैजापूरकडचं खेडं, हैदराबादला उर्दूतून शिक्षण, पोलीस ॲक्शननंतर इथं परत. मग मराठवाड्यातल्या मुलांसाठी बुद्धीची मराठी चाचणी. आज ती जिल्ह्याजिल्ह्यांत चालते. "थोर मानसशास्त्रज्ञ" असं ठळक अक्षरात लिही म्हणे. लिहिलं.

जे तिथं लिहिता आलं नाही ते इथं लिहिते. १९५८ साली सर आमच्या गावच्या शाळेत आले होते. मी आठ वर्षांची. त्यांनी विचारलं — घरी तू एकटी आहेस, अनोळखी माणूस पाणी मागतो, काय करशील? मी म्हटलं, गूळपाणी देईन. आमच्याकडं दारी आलेल्याच्या हातावर आधी गूळ ठेवतात. शून्य! किल्लीतलं उत्तर — दार लावून घ्यावं, मोठ्यांना हाक मारावी. दिवसा आमच्या दाराला कडी कुणी पाहिली होती! असलेच आठ प्रश्न.

शेरा पडला, मंदबुद्धी. गुरुजी दादांना, माझ्या वडलांना, म्हणाले, "हिच्यापायी साळंचा वेळ कशाला घालवता?" भाऊ शाळेत जायचा, मी कापसात. सहा वर्षं! मनकर्णा आत्यानं शहरात आणलं नसतं तर अजून वेचत बसले असते. सरांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना एवढंच ठाऊक, की ही बाई किल्लीबाहेर एक गुण देत नाही.

१२ जानेवारी
घसा बसलाय. सत्कारापर्यंत सुटला पाहिजे.

१५ जानेवारी
देव आहे!

सरांच्या पत्नीनं, वच्छलाबाईंनी, घरी बोलावलं. सर विसरायला लागलेत. परवा स्वतःच्या गल्लीत वाट चुकले. "तूच तपास बाई. बाहेर बोलू नको." शब्द दिला.

मोठ्यांची चाचणी पिशवीतच ठेवली. मुद्दाम. त्यांचीच, मुलांची, त्यांना लावली. त्यांनी ती ओळखलीसुद्धा नाही! पाण्याचा प्रश्न आला तसे हसले, आणि इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती ती गावाकडची बोली तोंडातून आली — "आधी गुळाचा खडा दीन की. दारी आलेल्याला नुसतं पाणी देत्यात व्हय?"

शून्य टाकलं. घरी येऊन दोनदा चहा केला, इतकं बरं वाटत होतं.

१६ जानेवारी
भाषण ठरलं. आधी माझी गोष्ट. मग सरांचं उत्तर, त्यांच्याच शब्दांत. मग भरल्या सभेला विचारायचं — आता यांनाही घरी बसवायचं का?

वच्छलाबाईंचं वाईट वाटतं. वाटू दे! माझी सहा वर्षं गेली तेव्हा वाईट कुणाला वाटलं होतं?

२८ जानेवारी
भाषण तोंडपाठ. परवा सत्कार. निळी साडी इस्त्रीला दिली. पहिल्या रांगेत सर असतील, हार घालून. मला त्यांचा चेहरा पाहायचाय.

२९ जानेवारी
गंगापूरच्या मुख्याध्यापकांचं पत्र. "आपल्या अहवालानुसार कु. सगीरा हिचे नाव शाळेतून कमी करून तिला घरी पाठविले आहे. मार्गदर्शनाबद्दल आभारी आहोत."

"पहले गूड, फिर पानी," म्हणाली होती ती. मी शून्य टाकून पुढचा प्रश्न विचारला होता.