खडूची खूण

दादा,

काल फोनवर किती दिवसांनी हसलास! "सोमवारी तपासणीवाले येतायत. बारा वर्षांनी का होईना, अणुवीज केंद्र पुरं होणार. माझ्या भावाने मशीन जपलंय, उगाच नाही!"

मागून वहिनी ओरडली, "आधी या पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात न्या, मग मिरवा."

माझ्या शब्दावर तू राहतं घर केंद्राच्या जागेसाठी दिलंस. केंद्र सुरू झालं की पक्कं घर मिळणार होतं.

टर्बाइनचा दांडा एकाच जागी पडून राहिला, तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. म्हणून केंद्राचं बांधकाम थांबल्यावरही, राखणीला ठेवलेले आम्ही चौघे दर मंगळवारी तो पहारीने अर्धा फेरा फिरवायचो. त्याच्यावरची खडूची खूण एकदा वर, एकदा खाली. मग एकेक जण सोडून गेला. गेलं वर्षभर मी एकटाच आहे, आणि एकट्याने तो हलत नाही. मी जुनी खूण अंगठ्याने पुसतो, दुसऱ्या बाजूला नवी काढतो आणि वहीत सही ठोकतो. म्हटलं, आता कोण येतंय बघायला?

दांडा वाकलाय हे तपासणीवाल्यांना पाच मिनिटांत कळेल. वाकलेल्या यंत्रासाठी कोणी केंद्र पुरं करत नाही.

आज मंगळवार. सकाळी पहारीला अक्षरशः लोंबकळलो. तळहात सोलले, खूण तसूभर सरकली नाही.

सोमवारी गेटवर येऊ नकोस, हे सांगायला मघाशी फोन केला होता. मी तोंड उघडायच्या आत तू विचारलंस, "काय रे, सोमवारी निळा शर्ट घालू की पांढरा?"

मी पांढरा म्हणालो.

तुझा धाकटा