तांबडी माती जिभेला धरते

आये, हे मी बोलतेय आणि नात लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, तेव्हा दोघी सारख्याच. नात सांगलीच्या कॉलेजात दगड शिकते. हसू नकोस. दगडांचं पुस्तक असतं, दगडांचा मास्तर असतो, समुद्राच्या तळाचासुद्धा एक तास असतो. सुट्टीत साताऱ्याला आली की संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचते. मी डोळे मिटून ऐकते. तिला वाटतं म्हातारी झोपली. झोपते कुठली, बुडालेली असते.

आपले डोंगर म्हणे विस्तवाचे. जमीन फाटली, दगड पातळ होऊन वाहिला, निवला, त्यावर पुन्हा वाहिला, दुरडीत भाकरीवर भाकरी पडावी तसा. दोन भाकरींच्या मधे कुठं कुठं तांबडा थर. तेवढा काळ विस्तव निजलेला. दगडाची माती झाली, झाडं आली, मग वरून पुन्हा भाकरी पडली आणि माती भाजून निघाली. ऐकता ऐकता मी मेढ्याच्या घरी पोचलेली असते. तू कड्यातली तांबडी माती पाटीतून आणलीयस, चूल सारवतेयस, आणि मी तुझ्या पाठीमागं एक ढेकूळ चाटतेय. जिभेला असं धरून बसायचं की ओढलं तरी सुटायचं नाही. तू न वळताच म्हणतेस, "दगड चाटून प्वाट भरतंय व्हय गं?" आणि सारवणाचा हात तसाच माझ्या पाठीत. पोलक्यावर पाच बोटं, तांबडी.

आता ऐक. दिवाळीत नातीनं तसलाच तांबडा तुकडा आणला आणि बापासमोर जिभेला लावला. मास्तरांनीच शिकवलंय, चिकटला तर चिकणमाती समजायची. ज्यापायी मी मार खाल्ला, त्याला आता मार्क मिळतात. पण माझा ल्योक पलटणीतनं आलेला, त्याला लवकर हसू येत नाही. कॉलेज पोरांना कोकणात समुद्र दाखवायला नेणार होतं. हा म्हणाला, जायचं नाही, पुढच्या वर्षी हा विषयबी सोडायचा. आणि ताटावरून उठता उठता, "दगड चाटून प्वाट भरतंय व्हय गं?"

तुला त्यानं कधी पाहिलंसुद्धा नाही. माझ्याच तोंडून उतरलं असणार, थरावर थर.

नातीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणाले, आण इकडं. तुकडा जिभेला लावला आणि हात सोडला. धरून राहिला. दात गेले, जीभ तीच आहे. मग काढून त्याला म्हणाले, "प्वाट न्हाई भरत. पर तुझ्या आजीचा मार खाऊनबी मी ही चव इसरले न्हाई. जाऊ दे तिला."

तो बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "स्वेटर घे म्हनावं." कोकणात स्वेटर. फौजी माणूस, बर्फाशिवाय दुसरा परमुलूख त्याला ठाऊक नाही.

ती गेली, स्वेटर घेऊन गेली, आणि माझ्यासाठी बाटलीत समुद्र घेऊन आली. मिठाच्या बरणीशेजारी ठेवलाय. विषय सुटला नाही, वाचन चालू आहे. आता ही विचारतेय, पत्र टाकायचं कुठं? म्हटलं, ठेव त्या बाटलीखाली. तिला मी सांगितलं होतं, समुद्र चाखला, खारट आहे. तेवढं कुणीही सांगेल. खरं तर, आये, झाकण काढते, बोट बुडवते, आणि अजून आधी दाराकडं बघते, तू आलीस का म्हणून. मग बोट तसंच पदराला पुसून झाकण लावून टाकते.